कंटेनमेंट परत परत तापतंय? कूलर धुवायच्या आधी हे बघून घ्या

अणुवीज केंद्राचं युनिट फुल पॉवरला आहे, कंटेनमेंटच्या (रिअॅक्टरभोवतीच्या हवाबंद इमारतीच्या) आतलं सरासरी तापमान हळूहळू चढतंय, कंट्रोल रूमवाले फोन करतात, मेंटेनन्सवाले आत जाऊन कूलरच्या कॉइल धुतात, दोन डिग्री उतरतं, सगळे खूश, आणि काही आठवड्यांनी परत तेच. मग कोणीतरी म्हणतं "अहो उन्हाळा आहे, होणारच". कधीकधी खरंच उन्हाळा असतो. पण बऱ्याचदा नसतो, आणि "उन्हाळा" हे उत्तर इतकं सोयीचं आहे की एकदा लॉगबुकात लिहिलं की पुढे कोणी बघतच नाही.

आधी किती तापलं म्हणजे जास्त ते बघू. अमेरिकेतल्या पीडब्ल्यूआरच्या (दाबाखालचं साधं पाणी वापरणाऱ्या रिअॅक्टरच्या) स्टँडर्ड टेक स्पेकमध्ये, म्हणजे प्लांट चालवण्याच्या नियमांत, कंटेनमेंटच्या हवेचं सरासरी तापमान १२० फॅरनहाइट म्हणजे साधारण ४९ डिग्री सेल्सिअस धरलेलं असतं, ते ओलांडलं की ८ तासांत खाली आणायचं, नाही जमलं तर पुढच्या ६ तासांत हॉट स्टँडबाय (बंद पण गरम) आणि ३६ तासांत कोल्ड शटडाऊन (बंद आणि थंड). बीडब्ल्यूआरच्या (ज्यात रिअॅक्टरमध्येच पाणी उकळतं त्याच्या) ड्रायवेलला, म्हणजे रिअॅक्टरभोवतीच्या कप्प्याला, जरा सवलत आहे, तिथे १३५ फॅरनहाइट, म्हणजे ५७ डिग्री. तुमच्या प्लांटचा आकडा वेगळा असेल तर तोच धरा. हा आकडा हवेतून काढलेला नाही. पाइप फुटला तर कंटेनमेंटमध्ये प्रेशर आणि तापमान किती चढेल त्याची जी गणितं केलेली असतात ती याच तापमानापासून सुरू होतात, म्हणजे तुम्ही ५२ वर चालवत असाल तर ते गणित तुमच्या प्लांटचं राहिलंच नाही. दुसरं म्हणजे काँक्रीट, ते कायम ६५ डिग्रीच्या आत ठेवायचं आणि एखाद्या पाइपाच्या पेनिट्रेशनपाशी, म्हणजे तो भिंतीतून आरपार जातो तिथे, फार तर ९३, असा नियम आहे. आणि तिसरं, ज्याचा त्रास खरं तर सगळ्यात आधी होतो, ते म्हणजे केबल, सोलेनॉइड, ट्रान्समीटर, लिमिट स्विच. ढोबळ हिशोब असा की १० डिग्री वाढली की इन्सुलेशनचं आणि रबराचं आयुष्य निम्मं. ४० वर्षांसाठी क्वालिफाय केलेली वस्तू १५-२० वर्षांतच बदलायची वेळ येते आणि ते तापमानाच्या ग्राफवर कुठेच दिसत नाही.

आता मुद्दा. कंटेनमेंट हा बंद डबा आहे. आत जेवढी उष्णता सुटते तेवढी कूलर बाहेर काढतात, म्हणून तापमान एका जागी टिकतं. तापमान चढलं म्हणजे दोनच गोष्टी, एक तर काढणं कमी झालं किंवा सुटणं वाढलं. कूलर धुणं म्हणजे तुम्ही न विचारता पहिलं उत्तर गृहीत धरलं. आणि धुतल्यावर दोन डिग्री उतरलं याने ते उत्तर बरोबर आहे असं सिद्धही होत नाही, कारण मूळ दोष काहीही असला तरी स्वच्छ कूलर थोडी जास्त उष्णता काढणारच! म्हणून आधी हिशोब, मग पाण्याचा पाइप.

हिशोबाच्याही आधी, तापमान खरंच वाढलंय का ते बघा. हसू नका. सरासरी तापमान म्हणजे वेगवेगळ्या उंचीवरच्या काही आरटीडींची, म्हणजे तापमान मोजणाऱ्या सेन्सरची, सरासरी, कुठे साधी, कुठे प्रत्येक भागाच्या आकारमानानुसार वजन देऊन काढलेली. त्यातला एक आरटीडी बाद झाला आणि कॉम्प्युटरने उरलेल्यांची सरासरी काढली की आकडा उडी मारतो, विशेषतः बाद झालेला खालच्या मजल्यावरचा, म्हणजे थंड भागातला असेल तर. कधी शटडाऊनमध्ये कोणीतरी स्कॅफोल्डिंग बांधताना आरटीडीचं ब्रॅकेट वाकवलेलं असतं आणि तो आता एखाद्या गरम पाइपाकडे तोंड करून बसलेला असतो. याला एक फुकटचा क्रॉस-चेक आहे. कंटेनमेंट खरंच बंद असेल, व्हेंटिंग किंवा पर्ज (आतली हवा बाहेर सोडणं) चालू नसेल, तर ४० वरून ४५ डिग्री झालं की प्रेशर साधारण दीड किलोपास्कलने चढायलाच पाहिजे (५ भागिले ३१३, गुणिले १०१, इतकंच गणित आहे). तापमान चढलं म्हणता आणि प्रेशर जागचं हललं नाही, तर आधी इन्स्ट्रुमेंटवाल्यांना बोलवा. आपल्या पीएचडब्ल्यूआरमध्ये (जड पाण्याच्या रिअॅक्टरमध्ये) मात्र ही युक्ती चालत नाही, कारण तिथे आरबी, म्हणजे रिअॅक्टर बिल्डिंग, पर्ज करून बाहेरच्यापेक्षा किंचित कमी प्रेशरला ठेवलेली असते.

बरं, तापमान खरं आहे. आता ट्रेंड उघडा आणि निदान वर्षभराचा उघडा, आठवड्याचा नको. चढ कसा आहे त्यातच अर्धं उत्तर असतं. नदीच्या किंवा समुद्राच्या पाण्याच्या तापमानाबरोबर डिग्रीला डिग्री वरखाली होतंय, तर ते खरंच हवामान आहे आणि तुमच्या कूलरमध्ये मुळातच मार्जिन कमी आहे. महिनोन्महिने हळूहळू चढतंय आणि पाण्याचं तापमान वजा केलं तरी चढ उरतोय, तर कूलर आतून किंवा बाहेरून बुजतोय. शटडाऊननंतर एकदम पायरी चढलीय आणि मग सपाट, तर शटडाऊनमध्ये कोणीतरी काहीतरी काढून परत नीट बसवलं नाही, इन्सुलेशन किंवा डँपर किंवा हॅच. आणि तापमानाबरोबर ड्यू पॉइंट (हवेतल्या ओलाव्याचं माप) पण चढतोय, तर कूलर सोडा, पाणी किंवा वाफ कुठून येतेय ते शोधा. या चारातलं कुठलं ते ठरवल्याशिवाय वर्क परमिट काढूच नका असं माझं मत आहे. आरबीत फुल पॉवरला माणूस पाठवणं म्हणजे डोस, उकाडा, एअरलॉक, हेल्थ फिजिक्सचा माणूस, सगळं आलं. नुसतं "बघून येतो" म्हणून जाण्याची ती जागा नाही.

पाण्याच्या बाजूने सुरुवात करू कारण ते बाहेरून मोजता येतं. कूलरमध्ये जाणारं पाणी किती, आत येताना किती डिग्री, बाहेर पडताना किती. सेकंदाला ५० किलो पाणी ८ डिग्रीने तापून बाहेर येत असेल तर ५० गुणिले ४.१८ गुणिले ८, म्हणजे सुमारे १,६७० किलोवॉट उष्णता काढली. हा आकडा मागच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून बघा. हवेचं तापमान वाढलंय आणि पाणी काढतंय तेवढंच किंवा कमी, तर कूलर दोषी. हवेचं तापमान वाढलंय आणि पाणी मागच्या वर्षीपेक्षा जास्त किलोवॉट बाहेर नेतंय, तर कूलर बिचारा जास्त काम करतोय आणि दोष दुसरीकडे आहे. इतकं सरळ आहे, तरी हे गणित मांडलेलं फार कमी ठिकाणी दिसतं, कारण बऱ्याच प्लांटमध्ये कूलरच्या आउटलेटला थर्मोवेल (थर्मामीटर बसवायची खोबण) असते पण त्यात थर्मामीटर नसतो. आणि तापमान स्थिर असताना मोजा. चढत असताना आतलं काँक्रीट आणि स्टील पण उष्णता शोषत असतं, तो हिशोब वेगळा.

पाणी कमी येत असेल तर का? इथे १९८० ची आर्कान्सास न्यूक्लियर वनची गोष्ट सगळ्यांनी वाचलीच पाहिजे. सप्टेंबर १९८० मध्ये दुसऱ्या युनिटच्या कंटेनमेंट कूलिंग युनिट्समधून टेक स्पेकमध्ये सांगितलेलं किमान पाणी जात नाही असं दिसलं, युनिट बंद करावं लागलं, आणि उघडून बघितलं तर आत शिंपले. एशियाटिक क्लॅम म्हणतात त्याला, गोड्या पाण्यातला छोटा शिंपला, तलावातून पिल्लं आत येतात, संथ पाण्याच्या पाइपात बसतात, तिथेच मोठी होतात, आणि मेल्यावर कवचं वाहत जाऊन कूलरच्या नळ्यांच्या तोंडाशी अडकतात. इनटेकला स्क्रीन होते, स्ट्रेनर होते, पण पिल्लू स्ट्रेनरच्या भोकापेक्षा लहान असतं हो. त्यानंतर एनआरसीने, म्हणजे अमेरिकेच्या अणुनियामकाने, १९८१ मध्ये यावर बुलेटिनच काढलं, आणि १९८९ मध्ये जेनेरिक लेटर ८९-१३ काढून सर्व्हिस वॉटरवरच्या (नदी-समुद्रातून घेतलेल्या थंड पाण्यावरच्या) सेफ्टी हीट एक्स्चेंजरची तपासणी नियमित करायला लावली. शिकण्यासारखं हे की शिंपले नेहमी तिथे सापडतात जिथे पाणी संथ असतं. म्हणजे जो कूलर वर्षभर स्टँडबाय असतो आणि उन्हाळ्यात अचानक चालू करतात, तोच. समुद्राचं पाणी असेल तर कालवं आणि बार्नेकल, नदी असेल तर गाळ. पावसाळ्यानंतर ज्यांचं पाणी गढूळ असतं त्यांनी उन्हाळ्याची वाट न बघता ऑक्टोबरातच फ्लो मोजून ठेवावा.

फ्लो कमी असण्याची साधी कारणं पण असतात. थ्रॉटल व्हॉल्व्ह कोणीतरी दुसऱ्या लोडला पाणी वाढवायला म्हणून अर्धी पिळलेली. उंचावरच्या कूलरमध्ये हवा अडकलेली आणि व्हेंट कधी उघडलाच नाही. व्हॉल्व्हचा इंडिकेटर "उघडा" म्हणतो आणि आत डिस्क दांड्यावरून निसटून पडलेली आहे, हे ज्याने एकदा पाहिलंय तो आयुष्यभर इंडिकेटरवर विश्वास ठेवत नाही.

हवेची बाजू. इथे लोक कॉइल धुतात आणि थांबतात. कॉइलच्या आधी पंखा बघा. मोटर बदलली किंवा केबल टर्मिनेशन परत केलं असेल तर दोन फेज उलट लागून पंखा उलटा फिरतोय का? सेंट्रिफ्यूगल पंख्याची गंमत अशी की तो उलटा फिरला तरी हवा त्याच दिशेने ढकलतो, फक्त बरीच कमी. त्यामुळे डक्टपाशी हात धरून "हवा येतेय" म्हणून समाधान मानू नका, फिरण्याची दिशा डोळ्याने बघा. बेल्ट असतील तर सैल झालेत का. आणि माझा सगळ्यात आवडता संशयित, स्टँडबाय पंख्याचा बॅकड्राफ्ट डँपर, म्हणजे हवा उलटी येऊ नये म्हणून लावलेली झडप. चार कूलर आहेत, तीन चालू, एक बंद. बंद असलेल्याचा डँपर अर्धवट उघडा अडकला तर चालू पंख्यांनी थंड केलेली हवा गरम जागी जायच्या ऐवजी त्या बंद कूलरमधून उलटी फिरून परत पंख्याच्या तोंडाशी येते. पंख्यांचा करंट ठीक, पाण्याचा फ्लो ठीक, कॉइल स्वच्छ, आणि पाण्याचा डेल्टा-टी (आत येताना आणि बाहेर पडतानाच्या तापमानातला फरक) मात्र कमी, कारण कूलरला आधीच थंड झालेली हवा परत मिळतेय. ही लक्षणं एकत्र दिसली की थेट डँपरकडे जा. लिव्हर फिरलेला दिसतो पण आतली पाती शाफ्टवर सैल असतात. म्हणून बाहेरचा लिव्हर बघून परत फिरायचं नाही, टॉर्च घेऊन आतली पाती बघायची, किंवा त्या बंद पंख्याचं चाक उलटं फिरतंय का ते बघायचं. उलटं फिरत असेल तर चोर सापडला.

आता उष्णता सुटण्याची बाजू. पीडब्ल्यूआरच्या प्रायमरीचे, म्हणजे रिअॅक्टरमधून फिरणाऱ्या पाण्याचे, पाइप आणि स्टीम जनरेटर २९० ते ३२५ डिग्रीला असतात, बाहेर ४५ ची हवा, मध्ये फक्त इन्सुलेशन. शटडाऊनमध्ये वेल्डची तपासणी करायला इन्सुलेशनचे पॅनल काढतात, नंबर घालून ठेवतात, आणि परत बसवताना घाई असते. रिफ्लेक्टिव्ह मेटल इन्सुलेशन, म्हणजे स्टेनलेसच्या पातळ पत्र्यांच्या थरांचे डबे, यांच्यात गोम अशी की दोन पॅनलच्या मध्ये बोटभर फट राहिली की ती नुसती फटीएवढी उष्णता सोडत नाही. उभ्या भिंतीवर खाली एक फट आणि वर एक फट असेल तर मधली हवा चिमणीसारखी वर चढते आणि आख्ख्या पॅनलच्या मागून उष्णता खेचून बाहेर आणते. बाहेरून पॅनल जागच्या जागी, बकल लावलेले, चकचकीत. म्हणून स्टार्टअपच्या वेळी, गरम झाल्यावर पण पॉवर चढवायच्या आधी, जेव्हा आत जाणं अजून त्यातल्या त्यात सोपं असतं, थर्मल कॅमेरा घेऊन एक फेरी माराच. चकचकीत पत्र्यावर कॅमेरा खोटं बोलतो, तो पत्र्याचं नाही तर समोरच्या भिंतीचं प्रतिबिंब मोजतो, त्यामुळे पत्र्याच्या आकड्यापेक्षा जॉइंटच्या रेषा बघा, आणि फटीच्या तोंडाशी साधा थर्मोकपल धरून खात्री करा.

बीडब्ल्यूआरला आणखी एक जागा, ड्रायवेलचा वरचा भाग, रिअॅक्टरच्या डोक्याभोवती. रिफ्युएलिंगसाठी तिथल्या बल्कहेड प्लेटमधले व्हेंटिलेशनचे हॅच बंद करतात, आणि ते परत उघडायचे राहिले तर सरासरी तापमान व्यवस्थित दिसतं आणि वरच्या कप्प्यातल्या केबल भाजून निघतात. सरासरीवर विसंबायचं नाही ते यासाठी. तारापूरची पहिली दोन युनिट्स बीडब्ल्यूआर आहेत, त्यामुळे तिथल्यांना हे वेगळं सांगायला नको.

आणि पीएचडब्ल्यूआर म्हणाल तर पंप रूम, फ्युएलिंग मशीनचे व्हॉल्ट आणि फीडर कॅबिनेट. रिअॅक्टरच्या नळ्यांना पाणी पोचवणारे शेकडो फीडर पाइप एकाच कॅबिनेटमध्ये, त्याचं इन्सुलेशन म्हणजे त्या कॅबिनेटचे पॅनल, आणि त्या पॅनलच्या फटी म्हणजे थेट व्हॉल्टमध्ये सुटणारी उष्णता. इथे काकरापारचं उदाहरण घ्यावंच लागेल. ७०० मेगावॉटचं पहिलं युनिट, काकरापार-३, २२ जुलै २०२० ला क्रिटिकल झालं (साखळी अभिक्रिया सुरू झाली), १० जानेवारी २०२१ ला ग्रिडला जोडलं, पण व्यावसायिक उत्पादन सुरू व्हायला ३० जून २०२३ उजाडलं आणि फुल पॉवर त्या ऑगस्टच्या शेवटी. या मधल्या काळात जे प्रश्न निघाले त्यात आरबीच्या काही भागांत अपेक्षेपेक्षा जास्त तापमान हा एक होता. मग काकरापार-४ बघा, १७ डिसेंबर २०२३ ला क्रिटिकल आणि ३१ मार्च २०२४ ला व्यावसायिक, साडेतीन महिन्यांत. पहिल्याच नमुन्याच्या युनिटवर कुठे किती उष्णता सुटणार हे कागदावर पूर्ण कळत नाही, ते चालवूनच कळतं. त्यामुळे तुमचं युनिट नवं असेल आणि पहिल्या दिवसापासून गरम असेल, तर "बिघाड" शोधत बसू नका, कदाचित काहीच बिघडलेलं नाही, डिझाइनमधला उष्णतेचा अंदाजच कमी पडलाय. जुनं युनिट, जे दहा वर्षं थंड होतं आणि आता तापतंय, त्याला मात्र ही सबब चालणार नाही.

आता गळती, ज्यासाठी खरं तर एवढं लिहायला बसलो.

कूलरच्या खाली ड्रेन पॅन असतो, हवेतली वाफ कॉइलवर थंड होऊन त्यात ठिबकते, पाइपाने संपमध्ये (तळाच्या खड्ड्यात) जाते. हे पाणी मोजा. मिनिटाला एक लिटर कंडेन्सेट म्हणजे कूलरची सुमारे ४० किलोवॉट ताकद फक्त वाफेचं पाणी करण्यात गेली. आणि एक गॅलन मिनिटाला, म्हणजे ३.८ लिटर, ३०० डिग्रीचं प्रायमरी पाणी बाहेर येत असेल तर ते साधारण ७०-७५ किलोवॉट घेऊन येतं. एकूण उष्णता मेगावॉटांत असते, तिच्यापुढे हे फार नाही, म्हणजे तापमानाच्या ग्राफवर ही गळती जेमतेम दिसेल. कंडेन्सेटवर मात्र ती ढळढळीत दिसते. कालपर्यंत थेंब थेंब पडत होतं तिथे आज धार लागलीय, एवढं पुरे.

मग ते पाणी कुठलं ते ओळखा. पीएचडब्ल्यूआरवाले इथे नशीबवान, आयसोटोपिक प्युरिटी (पाण्यात जड पाणी किती टक्के) बघितली की काम झालं, जास्त असेल तर जड पाणी गळतंय, शून्याच्या जवळ असेल तर प्रोसेस वॉटर किंवा वाफ. पीडब्ल्यूआरच्या प्रायमरी पाण्यात बोरिक अॅसिड घातलेलं असतं, म्हणून लोक बोरॉन शोधतात आणि नाही सापडलं की "प्रायमरी नाही" म्हणून मोकळे होतात. थांबा. गरम पाणी फटीतून बाहेर पडून वाफ झालं की बोरिक अॅसिड बहुतेक सगळं मागे, गळतीच्या जागीच पांढरं साचून राहतं, कूलरवर येते ती जवळपास शुद्ध वाफ. म्हणून ट्रिटियम (किरणोत्सर्गी हायड्रोजन) बघा, ते वाफेबरोबर येतं. सेकंडरीची, म्हणजे टर्बाइनकडे जाणारी, वाफ असेल तर ट्रिटियम नगण्य आणि त्या पाण्यात घालतात त्या अमाइन रसायनाची खूण. क्लोराइड किंवा हार्डनेस चढलेला असेल तर कूलरची नळीच फुटलीय आणि नदीचं पाणी आत येतंय.

हे शेवटचं हसण्यावारी नेऊ नका. १७ ऑक्टोबर १९८० ला न्यूयॉर्कजवळच्या इंडियन पॉइंट-२ मध्ये कंटेनमेंटमध्ये माणसं शिरली तर आत सुमारे एक लाख गॅलन, म्हणजे पावणेचार लाख लिटरच्या आसपास हडसन नदीचं पाणी साचलेलं. फॅन कूलरच्या सर्व्हिस वॉटर लाइनमधून गळत गळत. संपचे दोन्ही पंप बंद पडलेले, लेव्हल दाखवणारे दिवे अडकलेले, आणि हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र गप्प, कारण थंड पाण्याची फारशी वाफ होत नाही. रिअॅक्टर व्हेसलचा खालचा काही फूट भाग त्या पाण्यात होता. ज्या यंत्राने उष्णता बाहेर काढायची तेच पाणी आत सोडत होतं.

आणि कूलर परत परत धुणाऱ्या प्रत्येकाने ज्याचा विचार करावा ते म्हणजे ओहायोतलं डेव्हिस-बेसी. लेक ईरीच्या काठावरचा पीडब्ल्यूआर. १९९८ च्या नोव्हेंबरपासून १९९९ च्या मे पर्यंत तिथले कंटेनमेंट एअर कूलर १७ वेळा साफ करावे लागले. बोरिक अॅसिडचा थर बसायचा, प्लेनमचं (कूलरमधून हवा जिथे येते त्या पेटीचं) प्रेशर घसरायचं, माणसं आत जायची, धुवायची, बाहेर यायची. त्यातलं काही एका वेगळ्या गळतीचं होतं, ती दुरुस्त झाली, पण पुढे धुणं परत सुरू झालंच. त्याच काळात कंटेनमेंटच्या हवेतली रेडिएशन मोजणाऱ्या मॉनिटरचे फिल्टर भराभर चोंदायला लागले, जे एरवी बराच काळ टिकायचे ते दिवसाआड बदलावे लागले. फिल्टरवर काय होतं? बारीक तांबूस-तपकिरी पूड, लोखंडाचा गंज. लॅबला पाठवलं, लॅबने सांगितलं की कुठेतरी वाफेच्या गळतीतून येणारं आयर्न ऑक्साइड आहे. मग काय केलं, तर कंटेनमेंटमध्ये पोर्टेबल हेपा फिल्टर आणून लावले, हवा स्वच्छ करायला!

सगळा वेळ मोजलेली अज्ञात गळती मिनिटाला एक गॅलनच्या मर्यादेच्या बरीच खाली होती, त्यामुळे टेक स्पेक मोडला गेला नाही. कंट्रोल रॉड ड्राइव्हच्या फ्लँजमधून थोडं गळतंच हे या बनावटीच्या प्लांटमध्ये सगळ्यांना माहीत होतं, म्हणून सगळं त्याच्या नावावर खपलं. मार्च २००२ मध्ये कंट्रोल रॉडसाठीच्या नोझल नंबर ३ ची दुरुस्ती करताना कळलं की त्याच्या बाजूला रिअॅक्टरच्या झाकणाचं साधं स्टील बोरिक अॅसिडने खाऊन टाकलंय. सहा इंचांहून जास्त जाडीचं स्टील आरपार गेलेलं, आणि आतलं दीडशे एटमॉस्फिअरच्या आसपासचं प्रेशर धरून ठेवत होतं ते फक्त आतल्या बाजूचं पाऊण-एक सेंटीमीटरचं स्टेनलेसचं अस्तर, आणि तेही फुगलेलं. युनिट परत चालू व्हायला मार्च २००४ उजाडला. कूलरवर बसणारा थर, फिल्टरवरचा गंज, अज्ञात गळतीचा आकडा, हे तिन्ही वेगवेगळ्या डिपार्टमेंटच्या रजिस्टरमध्ये होतं. एका टेबलावर एकत्र आलं नाही.

म्हणून कॉइल धुताना जे निघतं ते गटारात सोडायच्या आधी एक बाटली भरून केमिस्ट्रीला द्या. कापसासारखी धूळ आणि लिंट असेल तर शटडाऊनची घाण आहे, धुवा आणि विसरा. पांढरी पूड असेल तर बोरिक अॅसिड, गळती शोधा. पांढऱ्यात तांबूस छटा असेल तर मग लगेच शोधा, पुढच्या शटडाऊनची वाट बघू नका, कारण तो रंग म्हणजे कुठेतरी लोखंड झिजतंय.

दुरुस्तीबद्दल थोडं, कारण उपाय करताना नवीन भानगड करून ठेवणारे पण बरेच आहेत. कूलरचं पाणी वाढवताना ते कुठल्या दुसऱ्या लोडच्या तोंडचं काढताय ते बघा. इन्सुलेशन जास्त लावताना हाताला येईल ती ग्लासवूल कोंबू नका, स्वीडनमधल्या बार्सेबॅक-२ मध्ये २८ जुलै १९९२ ला एका सेफ्टी व्हॉल्व्हच्या वाफेने खनिज लोकर उडवली आणि ती वाहत जाऊन इमर्जन्सी कूलिंगच्या स्ट्रेनरवर बसली, त्यानंतर जगभरच्या प्लांटनी स्ट्रेनर मोठे केले. कंटेनमेंटमध्ये काय फायबर आहे त्याचा हिशोब ठेवलेला असतो, त्यात तुमची दोन पोती बसतात का ते आधी विचारा. तात्पुरते डक्ट किंवा पोर्टेबल कूलर आत नेताना अॅल्युमिनियम नको, अपघातात अल्कलाइन स्प्रे पडला की अॅल्युमिनियमपासून हायड्रोजन निघतो, म्हणून त्याचाही किलोत हिशोब असतो, शिडीसुद्धा त्यात मोजतात. आणि कूलरच्या पाण्याच्या लाइनमध्ये फेरफार करणार असाल तर वीज गेल्यावर काय होईल ते तपासा, पंप थांबले की कंटेनमेंटच्या उष्णतेने कूलरमधलं पाणी उकळून वाफ होते आणि पंप परत सुरू झाले की वॉटर हॅमर (पाइपात पाण्याचा जोरदार तडाखा) बसतो, यावर एनआरसीचं १९९६ चं वेगळं जेनेरिक लेटर आहे, ९६-०६.

एक उपाय कागदावरचा पण असतो, तापमानाची मर्यादाच वाढवून घेणं. तो फसवा आहे असं मी म्हणत नाही, नीट विश्लेषण करून केला तर वैध आहे, पाणीच गरम झालं असेल तर कधीकधी तेवढाच मार्ग उरतो. २०१२ च्या ऑगस्टमध्ये कनेटिकटमधल्या मिलस्टोन-२ ला लाँग आयलंड साउंडचं पाणी ७५ फॅरनहाइटची मर्यादा ओलांडून गेलं म्हणून बंद करावं लागलं होतं, तिथे कूलर धुऊन काय होणार होतं. पण मर्यादा वाढवण्याच्या अर्जासोबत आतल्या केबलचं नवं आयुष्य, काँक्रीटची पेनिट्रेशनपाशी मोजलेली तापमानं आणि अपघाताचं नवं गणित हे तिन्ही जोडलेलं नसेल, तर तो अर्ज परत येणारच, आणि परत यायलाच पाहिजे.

दुरुस्ती झाली की त्याच आठवड्यात बेसलाइन काढा. प्रत्येक कूलरचा पाण्याचा फ्लो, इनलेट-आउटलेट तापमान, पंख्याचा करंट, कॉइलवरचा हवेचा प्रेशर ड्रॉप, ड्यू पॉइंट, मिनिटाला किती कंडेन्सेट, आणि त्या दिवशीचं नदीचं तापमान, सगळं एकाच पानावर. पुढच्या मार्चमध्ये नदी त्याच तापमानाला आली की परत तेच आकडे घ्या आणि शेजारी लिहा. आणि आउटलेटच्या त्या रिकाम्या थर्मोवेलमध्ये या शटडाऊनला थर्मामीटर बसवूनच घ्या, स्टोअरमध्ये नसेल तर आत्ताच इंडेंट टाका, यायला वेळ लागतो.